वाचनालयातील जुन्या संगणकाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरची दुरुस्ती : प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२४

वाचनालयाच्या देवघेव टेबलावरील संगणकाची कार्यप्रणाली बदलण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. या यंत्रावर आतापर्यंत डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीची १० वी आवृत्ती चालत होती, आणि त्या आवृत्तीला मिळणारा दीर्घ मुदतीचा आधार ३० जून रोजी, म्हणजे कालच, संपला. संगणक इंटरनेटला जोडलेला असून त्यावर वाचकांचे खाते, वर्गणी आणि ग्रंथसूची असा सगळा व्यवहार चालतो, त्यामुळे सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारी प्रणाली त्यावर ठेवणे मला योग्य वाटत नाही. नवे यंत्र घ्यावे का, हा विषय कार्यकारिणीत निघाला होता. मात्र ‘क’ वर्गाच्या वाचनालयाला मिळणारे अनुदान आधी पुस्तकांवर खर्च व्हावे असे सर्वांचे मत पडले आणि मला ते मनापासून पटते.

यंत्राची माहिती नोंदवून ठेवतो. प्रोसेसर इंटेल कोअर २ ड्युओ ई७५००, वेग २.९३ गिगाहर्ट्झ, मदरबोर्ड जी४१ चिपसेटचा, रॅम ४ जीबी, हार्ड डिस्कच्या जागी मागाहून बसवलेली एसएसडी. मदरबोर्डवर व्हीजीएचे एकच तोंड आहे आणि येथे पडदे दोन लागतात, एक देवघेव करणाऱ्या लेखनिकाकडे आणि दुसरा टेबलाच्या पलीकडे, वाचकांना पुस्तक शोधता यावे म्हणून. त्यासाठी एनव्हिडियाच्या चिपवर आधारलेले जीफोर्स २१० हे कार्ड बसवलेले आहे. त्याला व्हीजीए, डीव्हीआय आणि एचडीएमआय अशी तीन तोंडे आहेत. म्हणजे या यंत्रात कार्ड आहे ते खेळांसाठी नव्हे, केवळ दुसऱ्या पडद्यासाठी. पुढचे सगळे निर्णय घेताना ही गोष्ट डोळ्यांसमोर ठेवायची आहे.

काम सुरू करण्यापूर्वी एसएसडीची हुबेहूब प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून घेतली.

३ जुलै २०२४

डेबियनमध्ये एका आवृत्तीवरून थेट दोन पायऱ्या वर जाता येत नाही, म्हणून आधी ११ आणि मग १२ अशा क्रमाने प्रणाली वर नेली. दोन्ही पायऱ्या पॅकेजांच्या बाबतीत सुरळीत पार पडल्या. शेवटी यंत्र पुन्हा सुरू केले तेव्हा मात्र लॉगिनचा पडदा आला नाही. काळ्या पडद्यावर कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर तेवढा दिसत राहिला. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ या कळा एकत्र दाबल्यावर मजकुरी टर्मिनल उघडले, म्हणजे प्रणाली जिवंत आहे आणि अडचण केवळ चित्र दाखवणाऱ्या थरात आहे, एवढे स्पष्ट झाले.

एक्स सर्व्हरच्या, म्हणजे पडद्यावर चित्र मांडणाऱ्या प्रोग्रामच्या, लॉगमध्ये चुकांच्या ओळींपुढे कंसात ‘ईई’ अशी खूण असते. तेवढ्याच ओळी गाळून पाहिल्या. पहिली ओळ सांगत होती की ‘एनव्हिडिया’ नावाचे मॉड्यूल (प्रोग्रामला सुटा जोडला जाणारा भाग) अस्तित्वातच नाही, आणि शेवटची ओळ होती ‘नो स्क्रीन्स फाउंड’. हाती आलेला हा धागा पुरेसा आहे, पण आज वाचनालय बंद होण्याची वेळ झाल्यामुळे उद्याच्या व्यवहारासाठी कार्ड काढून ठेवले, एक्स सर्व्हरला ‘एनव्हिडिया’ वापरायला सांगणारी संरचना फाइल तात्पुरती बाजूला केली आणि मदरबोर्डवरील व्हीजीएवर एक पडदा चालू करून दिला. वाचकांचा पडदा काही दिवस बंद राहील, असे ग्रंथपाल मॅडमना सांगितले आहे.

४ जुलै २०२४

जुन्या कार्डाच्या बाबतीत पहिले काम ओळख पटवण्याचे असते. कार्डाच्या खोक्यावर किंवा पंख्याच्या स्टिकरवर लिहिलेल्या नावावर विसंबून चालत नाही, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेलेल्या आहेत. म्हणून संध्याकाळी कार्ड पुन्हा बसवून एलएसपीसीआय ही यंत्रातील कार्डांची यादी देणारी कमांड क्रमांक दाखवण्याच्या पर्यायासह चालवली. उत्तरात १०डीई:०ए६५ असा जोडक्रमांक आला. त्यातला पहिला भाग एनव्हिडियाचा आणि दुसरा या विशिष्ट चिपचा; ही चिप जीटी२१८, म्हणजे २००९ साली बाजारात आलेली टेस्ला पिढी.

ही पिढी ठरली की ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामची, शाखाही ठरते. टेस्ला पिढीसाठी लिनक्सवरील कंपनीची शेवटची शाखा ३४० ही असून तिची शेवटची आवृत्ती ३४०.१०८ डिसेंबर २०१९ मध्ये आली. त्यानंतरच्या फर्मी पिढीला ३९० आणि केपलर पिढीला ४७० अशा स्वतंत्र शाखा आहेत, आणि त्यांपैकी कोणतीही या कार्डाला ओळखत नाही. नवा ड्रायव्हर म्हणजे चांगला ड्रायव्हर हा समज जुन्या कार्डांच्या बाबतीत उपयोगाचा नसतो. चिपची पिढी, ड्रायव्हरची शाखा, कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) आणि एक्स सर्व्हर ही चौकडी एकमेकांशी जुळावी लागते, आणि त्यांतला एक जरी पुढे सरकला तरी उरलेल्या तिघांचे गणित बिघडते.

येथे नेमके तेच घडले आहे. डेबियन १० मध्ये ३४० शाखेचे पॅकेज होते आणि कर्नल ४.१९ होता. डेबियन १२ मध्ये कर्नल ६.१ आहे, एक्स सर्व्हर २१.१ आहे आणि ३४० शाखेचे पॅकेज काढून टाकलेले आहे. ड्रायव्हर गेला, पण त्याच्या भरवशावर लिहिलेली संरचना फाइल मागे राहिली.

त्या फाइलविना यंत्र सुरू केल्यावर लॉगिनचा पडदा आला, पण रुंदी-उंची १०२४ बाय ७६८ एवढीच मिळाली, दुसरा पडदा काळाच राहिला आणि खिडकी ओढली की ती हाताच्या मागून रखडत येऊ लागली. चित्र कोण रंगवतो ते सांगणाऱ्या जीएलएक्सइन्फो या कमांडने रंगवणाऱ्याचे नाव ‘एलएलव्हीएमपाइप’ असे सांगितले आणि पुढे ‘१२८ बिट्स’ असे लिहिले होते. याचा अर्थ कार्ड कामच करत नाही. प्रत्येक ठिपका प्रोसेसर स्वतः मोजून काढतो आहे, तोही १२८ बिटांच्या एसएसई सूचनांनी, कारण कोअर २ ड्युओमध्ये त्याहून रुंद एव्हीएक्स सूचना नाहीत. अशा वेळी पडदा दिसतो म्हणून ड्रायव्हर ठीक आहे असा निष्कर्ष काढला जातो आणि दोष ‘जुने यंत्र, मंदच असणार’ या खात्यावर जमा होतो. म्हणून मंदपणाची तक्रार आली की रंगवणाऱ्याचे नाव आधी पाहावे, असे मी सर्वांना सांगत असतो.

६ जुलै २०२४

कंपनीचा ३४०.१०८ ड्रायव्हर या कर्नलवर उभा राहू शकतो का, हे पारखून घेणे आवश्यक होते, कारण त्याशिवाय पर्यायांची तुलना प्रामाणिकपणे करता येत नाही. मूळ एसएसडीला हात न लावता, वर नेलेल्या प्रणालीची नवी प्रत काढून तिच्यावरून यंत्र सुरू केले आणि कंपनीच्या संकेतस्थळावरील इन्स्टॉलर चालवला. मॉड्यूल तयार होण्याच्या टप्प्यावर काम थांबले. इन्स्टॉलरच्या लॉगमध्ये चुकांची मोठी रांग होती आणि तिच्यात ‘आयओरीमॅप_नोकॅश’ या फंक्शनची घोषणाच नाही, ही तक्रार होती.

याचे कारण कर्नलच्या इतिहासात आहे. लिनक्स कर्नल बाहेरच्या प्रोग्रामांशी केलेला करार वर्षानुवर्षे पाळतो, पण त्याच्या पोटातील मॉड्यूलांशी तसा कोणताही करार नसतो. आतली फंक्शने गरजेप्रमाणे बदलली किंवा काढली जातात. २०२० मध्ये आलेल्या ५.६ कर्नलमध्ये असे तीन बदल एकदम झाले. ‘आयओरीमॅप’ हे फंक्शन तेच काम करते म्हणून ‘आयओरीमॅप_नोकॅश’ हे जुळे फंक्शन काढून टाकण्यात आले. ‘प्रॉक’ या फाइल प्रणालीतील नोंदींसाठी वेगळी रचना आली. आणि २०३८ सालच्या वेळगणनेच्या प्रश्नाची तयारी म्हणून वेळ मोजण्याचे जुने प्रकार कर्नलच्या आतून हद्दपार झाले. कर्नलच्या घरातच असलेल्या ड्रायव्हरांना हे बदल करणाऱ्यांनी त्याच वेळी दुरुस्त केले. ३४०.१०८ मात्र कर्नलच्या बाहेर राहणारा आणि डिसेंबर २०१९ मध्येच थांबलेला ड्रायव्हर आहे, त्यामुळे त्याच्यापर्यंत ही दुरुस्ती पोहोचण्याचा मार्ग उरला नव्हता.

स्वयंसेवकांनी तयार केलेली ठिगळे लावून हा ड्रायव्हर नव्या कर्नलवर चालवता येतो, आणि डेबियनच्या अस्थिर शाखेत तसे पॅकेजही ठेवलेले आहे. ते काम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. तरीही येथे तो मार्ग घेणार नाही. प्रत्येक कर्नल बदलताना मॉड्यूल नव्याने बांधावे लागेल, ते कधीतरी बांधले जाणार नाही, आणि त्या सकाळी टेबलाशी वाचकांची रांग असताना लेखनिकापुढे काळा पडदा असेल. ज्या यंत्राजवळ जाणकार माणूस रोज बसलेला नसतो, तेथे थोडा वेग कमी मिळाला तरी चालेल, पण आपोआप सांभाळला जाणारा ड्रायव्हर हवा.

म्हणून नूवो या मुक्त ड्रायव्हरवर काम करायचे ठरवले आहे. चिपचे वर्तन बाहेरून अभ्यासून लिहिलेला हा ड्रायव्हर फेब्रुवारी २०१० मधील २.६.३३ कर्नलपासून कर्नलच्या घरातच आहे.

८ जुलै २०२४

नूवो कर्नलसोबत आलेला असूनही तो आपणहून जागा का झाला नाही, याचा शोध आज घेतला. एलएसपीसीआयच्या उत्तरात कार्डाखाली ‘उपलब्ध मॉड्यूल’ या ओळीत नूवोचे नाव होते, पण ‘वापरात असलेला ड्रायव्हर’ ही ओळच नव्हती. म्हणजे मॉड्यूल डिस्कवर आहे आणि कोणीतरी त्याला अडवले आहे.

अडवणारे दोन निघाले. जुन्या पॅकेजांपैकी काही काढून टाकलेली दिसत असली तरी डीपीकेजी या पॅकेज सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत त्यांच्यापुढे ‘आरसी’ अशी खूण होती; पॅकेज गेले, संरचना राहिली, असा तिचा अर्थ. मॉड्यूल चढवणाऱ्या मॉडप्रोबच्या संरचनेत नूवोला काळ्या यादीत टाकणारी ओळ तशीच होती. कंपनीचा ड्रायव्हर चालत असताना ती आवश्यकच असते, कारण एकाच कार्डावर दोन ड्रायव्हर हक्क सांगू शकत नाहीत. दुसरा अडथळा ग्रबच्या, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रामच्या, संरचनेत होता. कर्नलला द्यायच्या सूचनांमध्ये पूर्वी केव्हातरी ‘नोमोडसेट’ हा शब्द घातला गेला होता. या शब्दाने कर्नल पडद्याची मांडणी स्वतःकडे घेत नाही, आणि नूवो तर त्याच मार्गाने काम करतो. मांडणीचा हक्क नाही म्हटल्यावर तो कार्डाला हातच लावत नाही. इन्स्टॉलेशनच्या वेळी पडदा काळा पडला तर तेवढ्यापुरता हा शब्द घालण्याचा सल्ला रास्त आहे, पण तो ग्रबमध्ये कायमचा ठेवू नये.

‘आरसी’ खुणेची पॅकेजे संरचनेसह पुसून टाकली, नूवोच्या नावाचा मॉडप्रोबच्या दोन्ही संरचना फोल्डरांत पुन्हा शोध घेऊन काही उरले नाही याची खात्री केली, ‘नोमोडसेट’ काढला, आणि मग ग्रबची संरचना तसेच इनिटरॅमएफएस (यंत्र सुरू होताना कर्नलला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) ही दोन्ही नव्याने तयार केली. इनिटरॅमएफएसची पायरी महत्त्वाची आहे, कारण काळ्या यादीची एक प्रत त्याच्या पोटातही असते आणि नुसती फाइल पुसल्याने ती जात नाही.

यंत्र सुरू होताना अक्षरे मध्येच बारीक झाली. कर्नलने पडद्याची मांडणी हाती घेतल्याची ती दृश्य खूण. जीएलएक्सइन्फोमध्ये आता ‘एनव्हीए८’ असे नाव आले. नूवोच्या परिभाषेत जीटी२१८ चे हेच नाव आहे. खिडक्या हाताबरोबर सरकू लागल्या.

लॉगमध्ये फर्मवेअर (कार्डात चढवायचा छोटा प्रोग्राम) सापडत नसल्याच्या, ‘उणे २’ हा क्रमांक असलेल्या काही ओळी आहेत. त्या क्रमांकाचा अर्थ ‘फाइल नाही’ एवढाच असून ती फर्मवेअर व्हिडिओ उलगडणाऱ्या भागासाठी आहे. वाचनालयात व्हिडिओ पाहिला जात नाही, त्यामुळे त्या ओळींकडे लक्ष देण्याचे कारण नाही.

१२ जुलै २०२४

टेबलावरचा पडदा पूर्ण मापात चालतो आहे. वाचकांच्या बाजूचा पडदा मात्र सुरू झाला तरी १०२४ बाय ७६८ च्या वर जात नव्हता आणि अक्षरे आडवी ताणलेली दिसत होती, जरी त्याचे खरे माप १३६६ बाय ७६८ आहे. टेबलावरचा मॉनिटर डीव्हीआयवर आहे आणि हा व्हीजीएवर.

मॉनिटर आपले माप ईडीआयडी नावाच्या छोट्या नोंदीतून कार्डाला कळवतो. त्या नोंदीचा पायाभूत ठोकळा १२८ बाइटांचा असतो आणि कर्नल तो फाइलच्या रूपाने दाखवतो. डीव्हीआयच्या फाइलमधील बाइट मोजले तर १२८ आले. व्हीजीएच्या फाइलमध्ये शून्य. म्हणजे ड्रायव्हरला मॉनिटरकडून काही ऐकूच येत नाही आणि म्हणून तो सुरक्षित असे जुने माप देतो.

माप हाताने ठरवून देता येते. त्यासाठी सीव्हीटी या पडद्याच्या मापाची ओळ काढून देणाऱ्या कमांडला १३६६ आणि ७६८ हे आकडे दिले, तर तिने १३६८ रुंदीची ओळ काढून दिली. ही पद्धत रुंदी ८ ने भाग जाणारी धरते आणि १३६६ ला ८ ने भाग जात नाही. १३६८ चे चित्र मॉनिटरने घेतले, पण उभ्या रेघांजवळची अक्षरे किंचित धूसर झाली. दिवसभर सूची वाचणाऱ्या ज्येष्ठ वाचकांसाठी हा उपाय मला मान्य नव्हता.

म्हणून केबल काढून उजेडात धरली. व्हीजीएच्या पंधरा पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून ईडीआयडीची देवाणघेवाण होते, पहिलीवर माहिती आणि दुसरीवर ठोका. नववी पिन बऱ्याच केबलांत मुळातच नसते, ती नव्हती यात वावगे नाही. पण खालच्या ओळीतील बारावी पिन आडवी होऊन शेजारच्या प्लास्टिकला टेकली होती. रंगांच्या पिना धड असल्यामुळे चित्र येत होते आणि म्हणून केबलवर कोणाचा संशय गेला नव्हता. पातळ चिमट्याने पिन सरळ केली, केबल लावून दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले, आणि फाइलमध्ये १२८ बाइट दिसले. १३६६ बाय ७६८ हे माप आपोआप आले. हाताने घातलेली मापाची ओळ काढून टाकली आहे.

१५ जुलै २०२४

देवघेव सांभाळणाऱ्या मुलाचा सकाळीच फोन आला. तो म्हणाला, “सर, नावं नीट दिसत नाहीयेत. अक्षरांच्या डोक्यावरची रेघच तुटलीय.”

प्रत्यक्ष पाहिले तेव्हा त्याचे वर्णन अगदी अचूक निघाले. फाइलींच्या यादीत ‘वर्गणीदार’ या शब्दाची शिरोरेषा ‘र्ग’ वर येऊन तुटत होती, रफार काही ठिकाणी पुढच्या अक्षरावर गेल्यासारखा दिसत होता, आणि खिडकी झाकून पुन्हा उघडली की वेगळीच अक्षरे बिघडलेली असत. मराठी मजकुरात असे दिसले की फॉन्टवर आळ येतो. पण फॉन्टचा दोष प्रत्येक वेळी त्याच जोडाक्षरावर आणि त्याच जागी दिसतो. जागा बदलणारा दोष रंगवण्यातला असतो. खात्रीसाठी पडद्याचे छायाचित्र संगणकातच घेऊन ते दुसऱ्या यंत्रावर उघडले. त्यातही तुटलेल्या रेषा होत्या, म्हणजे मॉनिटर आणि केबल यांचा संबंध नाही. चित्र कार्डाच्या स्मृतीतच बिघडून तयार होते आहे.

एक्स सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘मोडसेट’ या नावाने ‘ग्लॅमर’ त्वरण (चित्र कार्डाकडून वेगाने रंगवून घेण्याची पद्धत) सुरू असल्याची ओळ होती. येथे एक बारकावा आहे. नूवो हे नाव दोन निरनिराळ्या तुकड्यांना आहे. एक कर्नलमधला, जो ८ तारखेपासून नीट चालू आहे, आणि दुसरा एक्स सर्व्हरमधला. दुसरा तुकडा नसेल तर एक्स सर्व्हर ‘मोडसेटिंग’ हा सर्वसाधारण तुकडा वापरतो, आणि तो अक्षरेसुद्धा ओपनजीएलच्या, म्हणजे मुख्यतः त्रिमिती चित्रांसाठीच्या, मार्गाने रंगवतो. या जुन्या चिपवर तो मार्ग येथे नीट चालत नाही असे दिसते. प्रणाली वर नेताना नूवोच्या एक्स भागाचे पॅकेज निघून गेले होते. ते बसवून पुन्हा लॉगिन केले. लॉगमध्ये आता ‘मोडसेट’ ऐवजी ‘नूवो’ आणि ‘ग्लॅमर’ ऐवजी ‘एक्सा’ ही जुनी त्वरण पद्धत आली, आणि संपूर्ण सभासद यादी वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिली तरी शिरोरेषा अखंड राहिली.

मला या प्रकल्पातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. रोमन अक्षरे सुटी सुटी असतात, एखादा ठिपका गळाला तरी वाचता येतात. देवनागरीत शब्दाला बांधून ठेवणारी रेषाच गेली तर वाचणाऱ्याचा डोळा ठेचाळतो, आणि नावांच्या यादीत त्यातून खरी चूक घडू शकते.

२० जुलै २०२४

आज दुपारी पडदा गोठला. माउसचा बाण फिरत होता, पण टिचकी लागत नव्हती आणि घड्याळ थांबले होते. बाण फिरतो म्हणून प्रणाली चालू आहे असे म्हणता येत नाही, कारण बाण कार्ड स्वतंत्रपणे चित्रावर ठेवते. दुसऱ्या संगणकावरून एसएसएच या दुरून जोडणाऱ्या सोयीने आत शिरता आले, आणि हा पुरावा मात्र भक्कम आहे: कर्नल जागा आहे, डिस्क चालू आहे, फक्त चित्राचा मार्ग अडला आहे. आत शिरल्यामुळे यंत्राची वीज न तोडता ते रीतसर बंद करता आले आणि माहिती सुरक्षित राहिली. लॉगमध्ये नूवोच्या नावाने ‘फिफो’ आणि ‘ट्रॅप’ हे शब्द असलेल्या ओळी होत्या, म्हणजे कार्डाला दिलेल्या आज्ञांची रांग कार्डाने पुरी केली नाही.

आज्ञाच चुकीच्या असतील किंवा त्या पाळणारे कार्ड आजारी असेल, असे दोन संशय उरतात. हार्डवेअर आधी तपासायचे ठरवले. रॅमची चाचणी चालवली. एकही चूक आली नाही. वीजपुरवठ्याची १२ व्होल्टची रेषा मल्टिमीटरवर ११.९ दाखवते, जी पाच टक्क्यांच्या मर्यादेत आहे. शिवाय हे कार्ड सुमारे ३० वॅट घेते आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या खाचेतून ७५ वॅटपर्यंत मिळू शकतात, त्यामुळे तिकडे संशयाला जागा नाही. सेन्सर्स या कमांडने कार्डाचे तापमान मात्र ८९ अंश दाखवले, तेही दोन साध्या खिडक्या उघड्या असताना. धोक्याची पहिली रेषा ९५ वर आहे.

२२ जुलै २०२४

कार्ड काढून साफ केले. पंखा बोटाने फिरवला तर अडखळत होता आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला होता. पावसाळी दमटपणाने ती धूळ घट्ट झालेली होती. हीटसिंक स्प्रिंग असलेल्या दोन प्लास्टिक खिळ्यांवर बसवलेला आहे. मागच्या बाजूने खिळ्यांची टोके चिमट्याने दाबून तो सोडवला. चिपवरची थर्मल पेस्ट खडूच्या भुकटीसारखी सुकली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ केले, डाळीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली आणि त्याच मापाचा नवा पंखा बसवला. खाचेत बसणारे कार्डाचे सोनेरी दातही पुसले. फुगलेला कपॅसिटर कोठेही दिसला नाही.

त्याच खिडक्या उघड्या ठेवून तासाभराने तापमान ६१ अंश.

२७ जुलै २०२४

तापमान साठीच्या आसपास स्थिर आहे, पण मध्यंतरी पडदा पुन्हा एकदा गोठला. म्हणजे उष्णता हा दोष होता, तरी एकमेव दोष नव्हता. दोन्ही वेळचे लॉग शेजारी ठेवून पाहिले तेव्हा गोठण्याच्या क्षणी फायरफॉक्समध्ये ग्रंथसूचीची मुखपृष्ठांची यादी वेगाने सरकवली जात होती, हे साम्य दिसले.

कार्ड आणि ड्रायव्हर यांना वेगळे करण्यासाठी दोन दिवस मदरबोर्डवरील इंटेलच्या ग्राफिक्सवर तोच ब्राउझर, तीच यादी चालवून घेतली. काहीही बिघडले नाही, म्हणून ब्राउझर किंवा ग्रंथसूचीचे पान निर्दोष ठरले. मग कार्ड परत बसवून फायरफॉक्सच्या प्रगत पर्यायांत वेबरेंडरला, म्हणजे पान रंगवणाऱ्या भागाला, सॉफ्टवेअरच्या मार्गावर ठेवले. त्यामुळे पानाची चित्रे प्रोसेसर जुळवतो आणि कार्डाकडे तयार चित्र जाते. लांब यादी सरकवताना किंचित जडपणा जाणवतो. सूची शोधण्याच्या कामाला तो बाधक नाही, आणि गोठण्याच्या बदल्यात मी तो आनंदाने स्वीकारतो. उरलेल्या डेस्कटॉपसाठी कार्डाचे त्वरण तसेच चालू ठेवले आहे.

यंत्र झोपी जाण्याची सोयही बंद केली. निद्रेतून उठताना वाचकांचा पडदा कधी कधी परत येत नव्हता. टेबलावरचे यंत्र दिवसभर जागे असणेच सोयीचे असल्याने त्यामागे अधिक वेळ घालवला नाही.

३ ऑगस्ट २०२४

कार्ड वेगाने चालवावे का, हा प्रश्न आज तपासून निकाली काढला. नूवोवर ही चिप सुरू होतानाच्या घड्याळवेगावरच राहते. कर्नलच्या डीबग फोल्डरातील ‘पीस्टेट’ या फाइलमध्ये उपलब्ध पायऱ्या दिसतात आणि जीटी२१५ ते जीटी२१८ या चिपांवर पायरी हाताने बदलता येते. सर्वांत वरच्या पायरीला गाभ्याचा वेग ५८९ मेगाहर्ट्झ आहे. ती चढवून पाहिली. खिडक्या थोड्या हलक्या वाटल्या आणि तापमान आठ अंशांनी वाढले. ग्रबमध्ये सूचना घालून हा वेग कायमचा करता येतो, पण सूची आणि वर्गणीच्या कामात त्याने काही साधत नाही आणि नुकताच थंड केलेला भाग पुन्हा तापतो. सुरुवातीची पायरीच ठेवली.

१७ ऑगस्ट २०२४

सुरक्षा दुरुस्त्यांबरोबर ६.१ शाखेतला नवा कर्नल आला. हीच खरी परीक्षा होती, म्हणून तो मुद्दाम कामकाजाच्या वेळी, लेखनिकाच्या हाताने बसवून घेतला. यंत्र सुरू झाले, दोन्ही पडदे आपापल्या मापात आले, जीएलएक्सइन्फोमध्ये ‘एनव्हीए८’ कायम आहे, ईडीआयडीचे १२८ बाइट दोन्हीकडे आहेत आणि कोणतेही मॉड्यूल नव्याने बांधावे लागले नाही. मागच्या नोंदीनंतर पडदा गोठलेला नाही.

कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. त्यावर चिपचा क्रमांक, ‘कंपनीचा ड्रायव्हर बसवू नये’ ही सूचना, एक्स सर्व्हरच्या नूवो पॅकेजचे नाव, फायरफॉक्समधील बदल आणि पडदा गोठल्यास एसएसएचने आत शिरून यंत्र बंद करण्याची कमांड लिहिली आहे. तीच माहिती दुरुस्ती वहीतही उतरवली असून कार्डाचा पंखा आणि हीटसिंक दिवाळीच्या साफसफाईत उघडून पाहावेत, अशी नोंद ग्रंथपाल मॅडमच्या सहीने केली आहे.